सर्व्हेवाल्याला सांगायचं उत्तर

२०११-१२ साली देशभरातल्या ४२ हजारांहून अधिक घरांत एक प्रश्न विचारला गेला: तुमच्या घरात कुणी शिवाशीव पाळतं का? दिल्लीची एनसीएईआर ही संस्था आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी मिळून केलेली ही भारत मानव विकास पाहणी. प्रश्नावली लांबलचक होती. उत्पन्न, कर्ज, शेती, गुरंढोरं, मुलांची शाळा, घरातली आजारपणं अशा गोष्टींच्या गर्दीत हा प्रश्न बसवलेला होता. ‘नाही, आमच्यात तसलं काही नाही’ असं म्हटलं की माणूस सुटला, असंही नव्हतं. ‘नाही’ म्हणणाऱ्याला लगेच पुढचा प्रश्न येई: अनुसूचित जातीचं कुणी तुमच्या स्वयंपाकघरात आलं, तुमची भांडी वापरली, तर चालेल का?

ज्याने कुणी हा दुसरा प्रश्न घातला, त्याला आपल्या घरांची चांगली माहिती असणार. पहिल्या प्रश्नात तत्त्वाची गोष्ट आहे. तत्त्वाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायला काही पडत नाही. दुसऱ्यात ओटा आहे, माठ आहे, कपबशी आहे. प्रश्न थेट माठापर्यंत आला की उत्तर देणारा क्षणभर थांबतो आणि मग ‘तसं नाही, पण...’ सुरू होतं. दोन्ही प्रश्न मिळून देशातल्या साधारण २७ टक्के घरांनी आपण अस्पृश्यता पाळतो हे कबूल केलं. मध्य प्रदेशात हा आकडा ५३ टक्के होता, राजस्थान आणि बिहारमध्ये ४७, उत्तर प्रदेशात ४३. तक्त्याच्या दुसऱ्या टोकाला पश्चिम बंगाल १, केरळ २ आणि महाराष्ट्र ४.

चार टक्के. फुले, शाहू, आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या राज्याला साजेसाच आकडा, असं म्हणून कॉलर ताठ करायला हरकत नव्हती. पण हेच सर्वेक्षण असंही सांगतं की देशात जातीबाहेर झालेली लग्नं शंभरात पाचाच्या आसपास आहेत. आणि कोणत्याही रविवारचं मराठी वर्तमानपत्र उघडून वधूवरांच्या छोट्या जाहिराती वाचल्या की एक ओळ हमखास भेटते: ‘जातीची अट नाही. एससी, एसटी क्षमस्व.’ दोन वाक्यं, मध्ये फक्त एक पूर्णविराम. पहिलं वाक्य जगाला सांगण्यासाठी, दुसरं फोन येऊ नयेत म्हणून. ‘क्षमस्व’ हा शब्द तर खास दाद देण्यासारखा आहे. जाहिरात देणाऱ्याला आपण काहीतरी गैर करतोय एवढं कळतंय, आणि ते करायचंही आहेच.

मग तो चार टक्क्यांचा आकडा कसला? महाराष्ट्रात शिवाशीव खरोखरच इतर राज्यांपेक्षा कमी आहे, हे बहुधा खरं. पण त्या आकड्यात दुसरंही काही मिसळलेलं असणार. दारात आलेल्या अनोळखी सर्व्हेवाल्याला काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही, याचं आपल्याकडचं शिक्षण चांगलं झालेलं आहे. हे दोन घटक एकमेकांपासून सुटे कसे करायचे, या एका प्रश्नावर सामाजिक मानसशास्त्राने जवळजवळ शंभर वर्षं घालवली आहेत.

सुरुवातीची गोष्ट अमेरिकेतली आहे. रिचर्ड लापिएर नावाचा समाजशास्त्रज्ञ १९३० ते १९३२ या काळात एका तरुण चिनी जोडप्याला घेऊन मोटारीने देशभर फिरला. चिनी माणसांबद्दल तेव्हा अमेरिकेत उघड तिटकारा होता. ते तिघं २५१ हॉटेलं, लॉज आणि खानावळींत गेले. नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. सहा महिन्यांनी लापिएरने त्याच ठिकाणांना पत्रं पाठवून विचारलं, की तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तरं आली त्यातल्या ९० टक्क्यांहून अधिकांनी साफ ‘नाही’ कळवलं. १९३४ मध्ये हा शोधनिबंध छापून आला आणि मतं वेगळी, वागणं वेगळं, हा या विषयातला कायमचा वाद होऊन बसला.

आपल्याकडे ही गोष्ट बरोबर उलटी पडते. लापिएरचे हॉटेलवाले कागदावर कठोर आणि दारात मवाळ होते. आपण कागदावर मवाळ. घर भाड्याने देण्याच्या जाहिरातीत सहसा कुणी कुठल्या जातीचं, धर्माचं नाव लिहीत नाही. दारात मात्र आडनाव विचारलं जातं, आडनावावरून कळलं नाही तर ‘मूळचे कुठले?’ विचारलं जातं, आणि मग ‘आमच्या मिस्टरांना विचारून सांगते.’

पण इथे थोडं थांबलं पाहिजे, कारण भारतीय माणूस सरसकट खोटं सांगतो असं म्हणणं सोपं आहे आणि चूकही आहे. २०१६ साली डायन कॉफी, अमित थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोनवरून एक पाहणी सुरू केली. दिल्ली, मुंबई, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा ठिकाणी यादृच्छिक क्रमांक लावून पुरुषांना आणि बायकांना वेगवेगळं विचारायचं. फोनवर समोर चेहरा नाही, आवाज अनोळखी. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांत एक असा होता: वरच्या आणि खालच्या जातींमध्ये लग्न होऊ नये असा कायदा असावा का? कायदा म्हणजे पोलीस आणि कोर्ट आलं. दिल्लीत दहातल्या साधारण चौघांनी हो म्हटलं. ग्रामीण राजस्थान आणि उत्तर प्रदेशात निम्म्याहून जास्त लोकांनी. कुणी अडखळलं नाही, कुणी क्षमस्व म्हटलं नाही. या संशोधकांनी आपल्या लेखाच्या मथळ्यातच उघड पूर्वग्रहाचा उल्लेख केला. पाश्चात्त्य देशांत पूर्वग्रह शोधायला मानसशास्त्रज्ञ आडवळणाच्या, संगणकावरच्या चाचण्या वापरतात, कारण तिथे माणूस तो लपवतो. इथे लपवायची गरज वाटत नसेल तर सरळ विचारलेलं बरं, असा त्यांचा रोख.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही हेच दिसतं. बायकोने न सांगता बाहेर जाणं, मुलांकडे दुर्लक्ष करणं, सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणं अशी सात कारणं एकेक करून वाचली जातात आणि विचारलं जातं, की अशा वेळी नवऱ्याने मारणं योग्य आहे का? २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या फेरीत निदान एका कारणासाठी तरी ‘हो’ म्हणणाऱ्या बायका ४५ टक्के होत्या आणि पुरुष ४४ टक्के. तेलंगणात तर ८० टक्क्यांहून जास्त बायकांनी हो म्हटलं. साक्षरता, उत्पन्न, शहरं यांच्या कुठल्याही सोप्या हिशेबात हा आकडा बसत नाही.

या सगळ्यावरून मला एक गोष्ट पटत चालली आहे. असल्या पाहण्यांतला आकडा मनातलं मत जेवढं मोजतो, त्याहून जास्त तो लाजेची सीमारेषा मोजतो. महाराष्ट्रात ‘आम्ही शिवाशीव पाळतो’ म्हणायला लाज वाटते. ‘सून जातीतलीच हवी’ म्हणायला वाटत नाही. पन्नास वर्षांपूर्वी पहिल्याचीही वाटत नसावी. ही रेषा सरकते, आणि ती सरकणं हीसुद्धा काही लहान गोष्ट नव्हे. पण रेषा सरकली म्हणून पाठीमागचं घर हललं असं समजायचं कारण नाही.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती अवलंबून असतं, याचा सर्वांत चोख पुरावा जातीच्या नव्हे, संडासाच्या संशोधनातून आला. कॉफी आणि डीन स्पिअर्स यांच्या चमूने २०१३-१४ मध्ये उत्तर भारतातल्या पाच राज्यांत सुमारे ३२०० घरं पाहिली. चालू स्थितीतला संडास असलेल्या घरांपैकी ४० टक्क्यांहून जास्त घरांत किमान एक माणूस तरीही उघड्यावर जात होता. पैसे नाहीत, पाणी नाही ही नेहमीची कारणं इथे लागू पडत नव्हती. अडचण खड्ड्याची होती. खड्डा भरला तर उपसणार कोण? ते काम कुणाचं हे गावात ठरलेलं, आणि ते काम स्वतः करणं म्हणजे त्या जातीत जाऊन बसणं. म्हणून लोकांना सरकारी लहान खड्डा नको होता, खोलीएवढा मोठा हवा होता, जो आयुष्यात भरणारच नाही. तेवढा बांधायला पैसे नसतील तर शेत बरं.

पुढे याच गटातल्या संशोधकांनी एक छोटा प्रयोग केला. काही घरांत पूर्वापार सरकारी पद्धतीने विचारलं, की घरातली माणसं शौचाला कुठे जातात? काही घरांत प्रत्येकाचं नाव घेऊन वेगळं विचारलं: आजोबा कुठे जातात, सून कुठे जाते, धाकटा कुठे जातो? नाव घेऊन विचारलं तिथे उघड्यावर जाणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ २० टक्केबिंदूंनी जास्त निघालं. गावं तीच होती, महिनेही तेच. ‘घर’ या शब्दाच्या आड आजोबा लपलेले होते.

काही संशोधकांनी तोंडी प्रश्न सोडूनच दिला. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००५ च्या ऑक्टोबरपासून ६६ आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकरीच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. ५४८ जाहिराती, ४८०८ अर्ज. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक फक्त नावात: एक सवर्ण वाटणारं, एक दलित, एक मुस्लिम. मुलाखतीचं बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर काढलं तर सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाचं ०.६७ भरलं आणि मुस्लिम नावाचं ०.३३. त्याच सुमारास कॅथरीन न्यूमन आणि सुरिंदर जोधका यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी सविस्तर बोलून घेतलं. प्रत्येकाने गुणवत्तेचा जप केला. जात आम्ही बघतच नाही, हे तर सगळ्यांनीच सांगितलं. मग मुलाखतीत काय विचारता? तर ‘फॅमिली बॅकग्राउंड’. वडील काय करतात, भाऊ-बहिणी किती शिकले, घर कुठे. त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटतं ते प्रामाणिकही असावेत. चांगल्या घरचा मुलगा निवडला तर त्यात जात कुठे आली?

जात कुठे आली, हे कळायला शाळकरी पोरांचा एक खेळ पुरला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतली सहावी-सातवीतली मुलं घेतली, ३२१ वरच्या जातींतली आणि ३२१ दलित. सहा-सहा जणांच्या गटात बसवून त्यांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. एक कोडं सुटलं की एक रुपया. काही गटांत जातीचा उल्लेखच नव्हता. तिथे दोन्हीकडच्या मुलांची कामगिरी सारखी निघाली. काही गटांत मात्र खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक मुलाचं नाव, गाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि जात मोठ्याने वाचली गेली. बरोबर आहे ना, म्हणून मुलाने मान हलवायची. एवढंच. तिथे दलित मुलांनी सोडवलेली कोडी साधारण एक पंचमांशाने घटली.

मुलांची बुद्धी दहा मिनिटांत कमी होत नाही. मग काय झालं? कमीपणाच्या भावनेने हात आखडला असेल, की ‘आपण कितीही सोडवली तरी देणारा देणार नाही’ हा हिशेब असेल? संशोधकांनी याचीही परीक्षा घेतली. बक्षीस कुणाला मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरणार असं सांगितलं, म्हणजे माणसाच्या मर्जीला जागाच उरली नाही, तेव्हा जात जाहीर करूनही दोन गटांतली दरी उरली नाही. पोरं चिठ्ठीवर विश्वास ठेवत होती, मोठ्या माणसांवर नाही. शाळेच्या हजेरीपटापासून शिष्यवृत्तीच्या यादीपर्यंत जात मोठ्याने वाचण्याचे किती प्रसंग एका मुलाच्या वाट्याला येतात, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या शाळेपुरता मांडून पाहावा.

आता प्रश्न उरतो बदलाचा. आर्थिक प्रगती झाली, लोक शिकले, शहरात आले की या गोष्टी आपोआप गळून पडतील, अशी स्वातंत्र्यानंतरच्या पिढीची श्रद्धा होती. अजूनही पुष्कळांची आहे. या श्रद्धेला एक नेमका धक्का कोलकात्यातून मिळाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, मैत्रीश घटक आणि जीन लाफोर्च्युन यांनी ‘आनंदबाजार पत्रिके’त लग्नाची जाहिरात देणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांना गाठलं आणि आलेल्या पत्रांची पसंतीक्रमाने लावणी करून घेतली. हिशेब मांडल्यावर दिसलं, की जातीबाहेरचा एम.ए. आणि जातीतला अशिक्षित यांच्यात निवड करायची वेळ आली तर वधूपक्ष जातीकडे झुकण्याइतका जातीला भाव होता. पण त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. प्रत्यक्षात ही निवड करायची वेळ कुणावर येतच नाही. जातीत सगळ्या प्रकारची स्थळं मिळतात, शिकलेली, कमावती, देखणी. जात पाळायला खिशातून काही जातच नाही. ज्या सवयीची किंमत मोजावी लागत नाही ती पैसा आल्यावर का सुटावी?

सामाजिक मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात याला एक जुनं उत्तर आहे, गॉर्डन ऑलपोर्टचं, १९५४ सालचं: वेगवेगळ्या गटांतल्या माणसांना बरोबरीच्या नात्याने, एका कामासाठी, वरच्यांच्या पाठिंब्याने एकत्र आणा, पूर्वग्रह कमी होतो. बाबासाहेबांनी त्याच्या अठरा वर्षं आधी, न झालेल्या लाहोरच्या भाषणात, समाजात गटागटांमधल्या संपर्काच्या वाटा मोकळ्या असण्याचं महत्त्व मांडलं होतं. मात्र नुसत्या सहभोजनांनी जात जाईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. ऑलपोर्टच्या अटींकडे पाहिलं तर त्यांचा संशय किती रास्त होता ते कळतं. पंगतीत शेजारी बसणं म्हणजे एका कामात बरोबरीने असणं नव्हे. आणि शतकानुशतकं एकाच गावात राहिलेल्या जातींमध्ये संपर्काची वाण कधी होती? रोज सकाळी होत होताच की संपर्क, अंगणाच्या पायरीपर्यंत.

कुठला संपर्क चालतो आणि कुठला नाही, हे मॅट लोव या अर्थशास्त्रज्ञाने वाराणसी जिल्ह्यातल्या खेड्यांत चक्क क्रिकेट खेळवून तपासलं. १२०० हून अधिक तरुण घेतले. काहींना एकजातीय संघात टाकलं, काहींना मिश्र संघात, काहींना खेळवलंच नाही, आणि महिनाभर लीग चालवली. मिश्र संघातून खेळलेल्यांचे दुसऱ्या जातींतले मित्र वाढले, आणि बक्षिसासाठी मत देताना आपल्या जातीच्या खेळाडूला झुकतं माप देणं कमी झालं. पण विरुद्ध संघात दुसऱ्या जातीची पोरं आली की परिणाम उलटा होऊ लागला, मैत्री वाढण्याऐवजी घटली. गावच्या जत्रेतल्या कबड्डीत ज्याने एकदा भांडण पाहिलं आहे त्याला हे सांगायला एवढा मोठा प्रयोग लागला नसता म्हणा. तरीही, कुणीतरी मोजून दाखवलं हे बरं झालं.

दिल्लीतल्या प्रयोगाची कथा जास्त बोलकी आहे. २००७ पासून तिथल्या बड्या खासगी शाळांना काही जागा गरीब घरांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागल्या. पालकांनी गहजब केला, आमची मुलं बिघडतील. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने मग १७ शाळांमधली सुमारे दोन हजार मुलं अभ्यासली. श्रीमंत मुलांना रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितलं. समोर दोन मुलं: एक धनाढ्य शाळेतलं पण हळू, दुसरं गरीब पण वेगवान. जिंकलं तर बक्षीस, पण ज्याला निवडाल त्याच्याबरोबर नंतर काही वेळ खेळायचंही, ही अट. बक्षीस ५० रुपयांचं असताना सुमारे एक तृतीयांश मुलांनी वेगवान गरीब मुलाला डावललं. बक्षीस ५०० झालं तेव्हा फक्त सहा टक्क्यांनी. म्हणजे त्या पोरांचा पूर्वग्रह साडेचारशे रुपयांच्या आत विकला गेला. आणि ज्यांच्या वर्गात आधीपासून गरीब मुलं होती, त्यांच्यात हा भेदभावच मुळात बराच कमी होता. ती मुलं दानधर्मालाही पुढे होती, आणि गंमत म्हणजे अनोळखी श्रीमंत मुलाशीही जास्त उदारपणे वागत होती. अभ्यासातल्या गुणांवर मोठा परिणाम दिसला नाही, इंग्रजीत थोडी घसरण सोडली तर. ‘मुलं बिघडतील’ला हे उत्तर पुरेसं होतं.

हे वाचल्यावर महाराष्ट्रातली एक घडामोड आठवल्याशिवाय राहत नाही. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित घरांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांची यातून सुटका केली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या वादात बोललं गेलं ते पैशांबद्दल, थकलेल्या परताव्याबद्दल, गरीब मुलांच्या हक्काबद्दल. त्या वर्गातल्या पैसेवाल्या मुलांना यातून काय मिळतं, हे फारसं कुणी बोललं नाही.

शेजारी बसवल्यावर मन का बदलावं, याचं एक स्पष्टीकरण मानसशास्त्रात आहे आणि त्याची मुळं बिहारमध्ये आहेत, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपानंतर पाटण्यातले मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. जिथे हादरा बसला पण पडझड झाली नाही, तिथले लोक आणखी भयंकर अफवा पसरवत होते: अमुक दिवशी पुन्हा भूकंप, अमुक दिवशी प्रलय. आधीच घाबरलेली माणसं स्वतःला आणखी का घाबरवतील? लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला हे कोडं भेटलं आणि त्याने ते उलटं करून सोडवलं. माणसं अफवेने घाबरली नव्हती, घाबरली होती म्हणून भीतीला साजेशी अफवा शोधत होती. यातून १९५७ मध्ये त्याचा वैचारिक विसंवादाचा सिद्धांत पुस्तकरूपाने आला: मनातलं आणि घडलेलं जुळेना की माणूस अस्वस्थ होतो, आणि घडलेलं बदलता येत नसेल तर मनातलं त्याच्याशी जुळवून घेतो. आधी वागणूक, मग मत. समाजसुधारकांचा क्रम नेहमी याच्या उलट असतो.

तसं बघितलं तर मन सगळंच जुळवून घेत नाही. पश्चिम बंगालमध्ये सरपंचपदं, तिथल्या भाषेत प्रधानपदं, बायकांसाठी चिठ्ठीने राखीव होत होती, त्यामुळे प्रयोग सरकारनेच करून ठेवला होता. डफ्लो, लोरी बीमन, रोहिणी पांडे, रघबेंद्र चट्टोपाध्याय आणि पेटिया टोपालोव्हा यांनी बीरभूम जिल्ह्यातल्या गावकऱ्यांना एक ध्वनिफीत ऐकवली. खऱ्या ग्रामसभेवरून बेतलेलं एका पुढाऱ्याचं भाषण. मजकूर शब्दशः एकच, कुणाला पुरुषाच्या आवाजात, कुणाला बाईच्या. जिथे कधी बाई प्रधान झालीच नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातलं भाषण कमी दर्जाचं ठरवलं. जिथे होऊन गेली होती तिथे हा फरक नाहीसा झाला. आणि तरीही ‘तुम्हाला प्रधान म्हणून कोण आवडेल?’ या सरळ प्रश्नाला उत्तर जुनंच आलं: पुरुष. बाईला काम जमतं हे पटलं होतं. आवडलं नव्हतं.

डफ्लो आणि टोपालोव्हा यांच्या आधीच्या अभ्यासात तर याहून मजेशीर गोष्ट निघाली होती. बाई प्रधान असलेल्या गावांत पाण्यासारख्या सोयी जास्त होत्या, दर्जाही कमी नव्हता, लाच कमी द्यावी लागत होती, आणि गावकरी जास्त नाराज होते. ज्या गोष्टी पंचायतीच्या अखत्यारीतच नाहीत त्यांच्याबद्दलसुद्धा नाराज. आपल्याकडच्या कुठल्याही महिला सरपंचाला हे वाचून दाखवलं तर ती ‘मग, सांगत काय होते मी?’ एवढंच म्हणेल. मात्र मुलींवरचा परिणाम कुणाच्या नाराजीवर थांबला नाही. नंतरच्या एका अभ्यासात दिसलं, की दोनदा राखीव राहिलेल्या गावांत आईवडिलांच्या मनातलं मुलगा-मुलीच्या भवितव्याबद्दलचं अंतर २० टक्क्यांनी आटलं, मुलामुलींच्या स्वतःच्या मनातलं ३२ टक्क्यांनी, आणि शिक्षणातलं अंतर मिटलं. प्रधानबाईंनी त्यासाठी वेगळी योजना काढलेली नव्हती. त्या फक्त तिथे दिसत होत्या.

आवड न बदलता वागणं बदलतं तेव्हा नेमकं काय होतं, याचा धागा मुंबईत सापडतो. मुंबई महापालिकेतही वॉर्ड बायकांसाठी चिठ्ठीने राखीव होतात आणि पुढच्या निवडणुकीत खुले होतात. रिखिल भवनानी या राज्यशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये राखीव असलेले आणि २००२ मध्ये खुले झालेले वॉर्ड, दोन्ही वेळा खुल्या असलेल्यांशी ताडून पाहिले. आरक्षण उठल्यावरही अशा वॉर्डांतून बाई निवडून येण्याची शक्यता साधारण पाचपट होती. त्याच्या मांडणीप्रमाणे यात दोन गोष्टी होत्या. एक, आरक्षणामुळे निवडणूक लढवू शकतील अशा बायका राजकारणात आल्या होत्या आणि त्यांतल्या काही तिथेच राहिल्या. दुसरी, बाई उभी केली तर सीट जात नाही, हे पक्षांना एका निवडणुकीत कळलं होतं. तिकीटवाटपाच्या बैठकीत बसलेल्यांच्या मनात बायकांबद्दल काय मत होतं हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. नवऱ्याचा फोटो मोठा आणि उमेदवार बायकोचा लहान असे फलक अजून लागतात. पण वॉर्ड खुला झाल्यावर तिकीट मागायला आता नवऱ्याबरोबर तीही जाते, आणि कधी कधी नवऱ्याच्या आधी.